‘नको’चं ‘नाही’ होईपर्यंत

रात्री अकराच्या आसपासची वेळ. दिवसभर राबलेला माणूस तोवर अंथरुणाला पाठ टेकतो, आणि जो जागा असतो त्याच्यात राजकारण ऐकण्याचं त्राण उरलेलं नसतं. 1988 साली चिलीच्या लष्करी सरकारने विरोधकांना ही वेळ देऊ केली ती याच हिशेबाने असणार. 5 सप्टेंबर ते 1 ऑक्टोबर, असे 27 दिवस दूरचित्रवाणीवर रोज अर्धा तास राखून ठेवलेला होता. त्यातली पंधरा मिनिटं जनरल ऑगुस्तो पिनोचेतला आणखी आठ वर्षं ठेवा म्हणणाऱ्यांची, पंधरा मिनिटं ठेवू नका म्हणणाऱ्यांची. लोक जागे राहिले. घरोघरी दिवे मालवायची वेळ पुढे सरकली.

विरोधकांच्या त्या पंधरा-पंधरा मिनिटांच्या ध्वनिचित्रफिती मी गेल्या काही महिन्यांत पुन्हा पुन्हा पाहिल्या. माझं स्पॅनिश कामचलाऊ आहे, पण यातले काही तुकडे असे आहेत की शब्द कळण्याआधी माणूस कळतो. प्रचाराचं साहित्य रसग्रहणाला घ्यावं का, असा प्रश्न कुणाला पडेल. मला हे साहित्य प्रचाराच्या पलीकडचं वाटतं. पंधरा वर्षं गप्प बसवलेल्या देशाने पहिल्यांदा तोंड उघडलं तेव्हा तो काय बोलला आणि कुठल्या सुरात बोलला, हे त्यात टिपलेलं आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात. 11 सप्टेंबर 1973 रोजी लष्कराने निवडून आलेल्या साल्वादोर अयेंदे यांचं सरकार उलथवलं. पुढच्या काळात तीन हजारांहून अधिक माणसं मारली गेली किंवा बेपत्ता झाली, हजारोंचा छळ झाला, कितीतरी जण परागंदा झाले. 1980 मध्ये राजवटीने स्वतःची राज्यघटना करून घेतली. त्या घटनेतच अशी तरतूद होती की काही वर्षांनी जनतेपुढे एकच नाव ठेवायचं आणि विचारायचं, हवा की नको. आपण हे सहज जिंकू अशी पिनोचेतची खात्री होती. जगालाही दाखवायचं होतं की लोकांनी आपल्याला निवडलं आहे.

हवा की नको. इथे आपली भाषा फार कामाला येते. स्पॅनिशमध्ये ‘नो’ हा एकच शब्द आहे. मराठीत त्याच्या दोन वाटा होतात, ‘नको’ आणि ‘नाही’. ‘नको’ हा घरातला शब्द. ताटात वाढायला आलेल्या हाताला म्हणायचा, अंगावर धावून येणाऱ्याला गयावया करत म्हणायचा. ‘नाही’ हा चारचौघांत, समोरच्याच्या डोळ्यांत डोळे घालून द्यायचा जबाब. चिलीतल्या घराघरात पंधरा वर्षं ‘नको’ होतंच. उशीत तोंड खुपसून म्हटलेलं, मुलांना ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हटलेलं. त्या ‘नको’चं ‘नाही’ कसं करायचं, ही या मोहिमेपुढची खरी अडचण होती. त्या पंधरा मिनिटांतला प्रत्येक चांगला तुकडा मला या एका कामाला लागलेला दिसतो.

भीतीवर उतारा म्हणून आपण सवयीने वीररसाकडे जातो. मूठ आवळलेली, छाती पुढे, ढोल. विरोधकांच्या सोळा-सतरा पक्षांच्या आघाडीतल्या अनेकांनाही तसंच काही हवं होतं. ज्यांची माणसं गेली होती, त्यांना छळाचे आकडे, बेपत्तांची छायाचित्रं, पेटलेले रस्ते दाखवायचे होते. तो त्यांचा हक्कच होता. मोहीम आखणाऱ्यांनी मात्र एक गोष्ट ओळखली. अत्याचाराचं दर्शन सतत घडवलं की राग वाढतो हे खरं, पण त्याबरोबर राजवट केवढी बलाढ्य आहे याचीही आठवण ताजी होते. भ्यालेला माणूस आणखी भितो आणि मतदानाच्या दिवशी घरीच बसतो. म्हणून त्यांनी चिन्ह घेतलं इंद्रधनुष्याचं. गाणं केलं ते आनंद आता वाटेतच आहे असं सांगणारं. हाइमे दे आगिर्रे यांची चाल, सेर्हिओ ब्राव्हो यांचे शब्द. पडद्यावर नाचणारी, हसणारी, उन्हात चेहरा वर करणारी माणसं. थंड पेयाच्या जाहिरातीसारखं वाटावं असं ते चित्रण. अनेकांना ते खटकलं. इतक्या मढ्यांवर उभं राहून नाचायचं कसं, हा त्यांचा सवाल होता, आणि तो खोटा नव्हता.

त्या सवालाला उत्तर मिळतं ते याच मोहिमेतल्या दोन छोट्या तुकड्यांत. माझ्या मते सगळ्या 27 दिवसांचा जीव त्या दोहोंत आहे.

पहिल्यात एक वयस्कर बाई बसलेल्या आहेत. मागे घरातली साधी बैठक. नाव सांगतात, ओल्गा गार्रिदो. आवाज शांत आहे, अगदी शेजारणीशी बोलावं तसा. उठावानंतर मला माझ्या घरातून उचलून नेलं, त्या सांगतात. डोळे बांधून कुठे नेलं ते कळलं नाही. तिथे जे झालं ते सांगताना त्या मोजकेच शब्द वापरतात. माझी विटंबना झाली, आणि ती इतक्या वेळा झाली की सगळं काही मी माझ्या मुलांनाही सांगू शकले नाही. मुलांच्या, नवऱ्याच्या आणि स्वतःच्याही अब्रूखातर. शरीराचे वळ पुसले गेले, मनावरचे गेले नाहीत.

इथपर्यंत ही एक साक्ष आहे. साक्ष म्हणूनही ती भारी आहे, कारण बाई रडत नाहीत, कुणाला शिव्याशाप देत नाहीत. सांगण्यापेक्षा न सांगितलेलं जास्त आहे, आणि ते न सांगणंच आपल्याला आतून हलवतं. मुलांना सांगू शकले नाही ती गोष्ट त्या देशाला सांगताहेत, हे आपल्याला जरा उशिरा उमगतं.

मग दिसतो शेजारी बसलेला कार्लोस कासेली. त्याची ओळख द्यायची चिलीतल्या कुणाला गरज नव्हती. कुरळ्या केसांचा, दाट मिशांचा, कोलो-कोलो संघाचा आघाडीचा फुटबॉलपटू, गल्लीतल्या पोरांचा लाडका. 1974 च्या विश्वचषकाला निघालेल्या संघाला निरोप द्यायला पिनोचेत आला तेव्हा याने हात मागे ठेवले होते, हस्तांदोलन केलं नव्हतं. या तुकड्यात तो सांगतो की म्हणून माझंही मत ‘नो’ला आहे. हिचा आनंद तो माझा आनंद, हिला जे वाटतं ते मला वाटतं. आणि सगळ्यात शेवटी कारण सांगतो: ही देखणी बाई माझी आई आहे. तो तिचा हात हातात घेतो.

तुकडा संपतो. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा बराच वेळ तसाच बसून राहिलो.

आता त्याची घडण पाहू. नातं शेवटच्या क्षणापर्यंत राखून ठेवलं आहे. आधीच सांगितलं असतं की ही कासेलीची आई, तर आपण एका नामवंताच्या घरची दुःखद गोष्ट ऐकली असती आणि हळहळलो असतो. इथे आधी भेटते ती कुणाचीही असू शकणारी आई. बाजारात दिसते तशी, चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसते तशी. आपण तिला ओळखीच्या कुणा ना कुणाचा चेहरा देऊन मोकळे होतो. त्यानंतर कळतं की ज्याच्या प्रत्येक गोलवर आपण उड्या मारल्या, त्याची ही आई. दर रविवारी त्याच्या नावाने ओरडत होतो तेव्हा याच्या घरात हे होतं. आपल्याला माहीत नव्हतं. की माहीत करून घ्यायचं नव्हतं?

सांतियागोच्या ज्या राष्ट्रीय स्टेडियमवर लोक फुटबॉल पाहायला जात, तेच स्टेडियम उठावानंतर काही आठवडे बंदीखाना होतं. नोव्हेंबर 1973 मध्ये तिथे विश्वचषकाच्या पात्रतेचा सामना होता. सोव्हिएत संघाने यायला नकार दिला, तर चिलीच्या खेळाडूंनी समोर कुणीही नसताना चेंडू पुढे नेऊन रिकाम्या जाळ्यात गोल मारला. कासेली त्या संघात होता. हे सगळं पाहणाऱ्यांना पाठ होतं, त्यामुळे तो आईजवळ बसतो तेव्हा त्याच्या मागे ते अख्खं स्टेडियम उभं असतं. आणि हात. जनरलपुढे मागे ठेवलेला तो हात इथे आईच्या हातात जातो. दिग्दर्शकाने हे जोडून दाखवलं नाही, दाखवायची गरजही नव्हती.

‘देखणी’ हा शब्दही पाहा. विटंबना झालेल्या बाईला तिचा मुलगा देशादेखत देखणी म्हणतो. राजवटीने तिच्यापासून जे हिरावून घ्यायचा प्रयत्न केला, ते तो एका शब्दाने तिला परत करतो. आनंदाच्या गाण्यावर ज्यांचा आक्षेप होता, त्यांना मी हा क्षण दाखवला असता. हिचा आनंद तो माझा आनंद, असं तो म्हणतो तेव्हा ‘आनंद’ या शब्दातून जाहिरातीचा सगळा गोडवा निथळून जातो आणि उरतं ते कमावलेलं काही.

दुसरा तुकडा क्वेकाचा. क्वेका हे चिलीचं जोडीने करायचं लोकनृत्य. पुरुष आणि स्त्री, दोघांच्या हातात रुमाल. एकमेकांना स्पर्श न करता एकमेकांभोवती फिरणं, लाडीगोडी, पाठशिवणी, भोवती टाळ्यांचा ठेका. 1979 मध्ये पिनोचेतच्या सरकारने फर्मान काढून क्वेकाला राष्ट्रीय नृत्याचा दर्जा दिला. त्याच्या आदल्या वर्षी, 8 मार्च 1978 रोजी, सांतियागोच्या कौपोलिकान नाट्यगृहात बेपत्तांच्या घरच्या बायकांनी हे नृत्य एकटीने केलं होतं. समोर जोडीदार नाही. तो कुठे आहे ते कुणी सांगत नाही. तो मेला असं कुणी म्हणत नाही, म्हणून तिला विधवाही होता येत नाही.

दहा वर्षांनी, त्या पंधरा मिनिटांत, याच बायका पडद्यावर आल्या. गाणं सुरू होतं आणि एकजण पुढे येते. रुमाल हवेत. पावलं अगदी नियमात पडतात. एक फेरी, मग अर्धं वळण, मग समोरच्यासाठी सोडलेली जागा. या जागेकडे नीट पाहायला हवं. ती जागा बुजवत नाही. एकटीने नाचायचं म्हणून नाच आटोपता घेत नाही, मध्यभागी येत नाही. जोडीदार असता तर जेवढं अंतर राखलं असतं तेवढंच राखते, आणि नजर जिथे त्याचा चेहरा असता तिथे. बघता बघता आपल्याला ती बाई दिसेनाशी होते आणि नसलेला माणूस दिसू लागतो. करुणरसाचा इतका संयत आविष्कार मी फार थोड्या ठिकाणी पाहिला आहे. ज्या नृत्यावर राजवटीने राष्ट्राचा शिक्का मारला, त्याच नृत्यात या बायकांनी फक्त एक जागा मोकळी सोडली. कुठलाही आरोप केला नाही.

बाकीच्या तुकड्यांतही असे बारकावे आहेत. एक म्हातारी बाई कोपऱ्यावरच्या वाण्याकडे जाते, छोट्या बटव्यातली नाणी मोजते आणि शेवटी चहाची एकच पुडी घेते. एक डबा नाही, एक पुडी, एका कपाची. पिनोचेतच्या बाजूचे लोक आर्थिक चमत्काराचे आलेख दाखवत होते. 1987 च्या पाहणीनुसार देशातले सुमारे 45 टक्के लोक गरिबीत होते, पण त्या वाण्याच्या दुकानात आकडा उच्चारावा लागत नाही. पैसे मोजताना तिची बोटं जरा थांबतात, तेवढं पुरतं.

हे सगळं ओवणारा आवाज होता पात्रिसियो बान्यादोस यांचा. नीटनेटका, सौम्य, बातम्या सांगणारा माणूस. मधली काही वर्षं पडद्यावरून दूर ठेवलेला. त्यांनी आवाज कधी चढवला नाही. त्याच वर्षी एप्रिलमध्ये विरोधी नेते रिकार्दो लागोस यांनी थेट प्रक्षेपणात कॅमेऱ्याकडे बोट रोखून पिनोचेतला जाब विचारला होता. त्या बोटाने लोकांची छाती दडपली आणि फुललीही. पण एक बोट म्हणजे एका माणसाचं धाडस. बान्यादोसच्या शांतपणात तुम्हा-आम्हाला बसायला जागा होती.

मोकळीक किती खरी होती, तेही याच काळात दिसलं. छळाच्या तक्रारींची चौकशी करणारे न्यायाधीश रेने गार्सिया व्हियेगास यांचं म्हणणं विरोधकांनी 12 सप्टेंबरच्या भागात घातलं, तर तो भाग दाखवू दिला नाही. आणि सरकारपक्षाची पंधरा मिनिटं? त्यांच्याविषयी लिहिण्यासारखं फारसं नाही. अयेंदेंच्या काळातल्या रांगा आणि गोंधळ यांची भीती, जनरलची स्तुती, आणि पुढे पुढे तर विरोधकांच्याच तुकड्यांची नक्कल. दुसऱ्याची नक्कल करावी लागते तेव्हा स्वतःजवळ सांगायला काही नसतं.

2012 मध्ये पाब्लो लारेन यांनी या मोहिमेवर ‘नो’ नावाचा चित्रपट केला. गाएल गार्सिया बेर्नालने त्यात जाहिरातवाल्या तरुणाचं काम केलं आहे. 1980 च्या दशकातल्या जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यांनी तो चित्रित केला, त्यामुळे खरे तुकडे आणि नवी दृश्यं यांचा सांधा दिसत नाही. चित्रपट मला आवडतो. पण मोहिमेचे एक सूत्रधार जेनारो आरियागादा यांनी त्याच्यावर कडक टीका केली, आणि त्यांचं म्हणणं मला पटतं. एका हुशार जाहिरातीने हुकूमशहा पडला, असा समज चित्रपटातून होतो. पडद्यावर काय दिसलं याइतकंच महत्त्वाचं होतं ते पडद्यापुढे बसलेल्या माणसाचं नाव मतदारयादीत होतं की नाही.

उठावानंतर लष्कराने मतदारयाद्या नष्ट केल्या होत्या. 1980 चं सार्वमत तर यादीविनाच उरकलं. फेब्रुवारी 1987 मध्ये नोंदणी पुन्हा सुरू झाली ती कोऱ्या पानापासून. आता विचार करा. ज्या सरकारच्या यादीत नाव असणं म्हणजे रात्री दारावर थाप, त्याच सरकारच्या कचेरीत स्वतःच्या पायाने जायचं, ओळखपत्र दाखवायचं, सही करायची, अंगठा उठवायचा. आणि ते कशासाठी, तर त्याच सरकारने मांडलेल्या खेळात भाग घेण्यासाठी. विरोधकांतल्या अनेकांना यात उतरणं म्हणजे राजवटीला मान्यता देणं वाटत होतं, आणि तो वाद 1988 उजाडेपर्यंत चालला. मोनिका हिमेनेस यांच्या पुढाकाराने नागरी सहभागाची एक मोहीम उभी राहिली, पक्षांनीही माणसं लावली. कार्यकर्ते वस्त्यांमधून दारोदार फिरले. मत कुणाला द्यायचं ते नंतर, आधी नाव घाला. मत गुप्त राहतं, कुणाला कळत नाही, हे पुन्हा पुन्हा समजावायचं. हे काम कुठल्या पडद्यावर दिसत नाही, त्याला चाल नाही, इंद्रधनुष्य नाही. मतदानाच्या दिवसापर्यंत 74 लाखांहून अधिक नावं नोंदली गेली होती, पात्र नागरिकांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त.

बाहेरूनही मदत आली. अमेरिकी काँग्रेसने दहा लाख डॉलर मंजूर केले. मतमोजणीची समांतर व्यवस्था कशी लावावी याचं मार्गदर्शन मिळालं. हे सांगताना हेही सांगायला हवं की याच अमेरिकेने सत्तरच्या दशकाच्या आरंभी अयेंदेंना खिळखिळं करण्यासाठी गुप्तपणे पैसा ओतला होता. चिलीतल्या कार्यकर्त्यांना हे पुरतं ठाऊक होतं. पैशाने संगणक आणि दूरध्वनी आले. पण वीस हजारांहून अधिक मतदान-टेबलांवर दिवसभर बसून शेवटच्या चिठ्ठीपर्यंत डोळ्यांत तेल घालून पाहणारी माणसं पैशाने येत नाहीत.

5 ऑक्टोबरला पहाटेपासून रांगा लागल्या, बायकांच्या वेगळ्या, पुरुषांच्या वेगळ्या. मतपत्रिकेवर एकच नाव होतं आणि त्याखाली दोन शब्द, ‘सी’ म्हणजे ‘होय’ आणि ‘नो’. प्रत्येकाशेजारी एक आडवी रेघ. हव्या त्या रेघेवर शिसपेन्सिलीने एक उभी रेघ ओढायची, झालं. पंधरा वर्षांचं ‘नको’ त्या उभ्या रेघेपाशी ‘नाही’ होत होतं.

संध्याकाळी सरकारने पहिले आकडे दिले ते ‘होय’च्या बाजूचे. मग आकडे येणं मंदावलं. विरोधकांच्या समांतर मोजणीत चित्र उलटं होतं, आणि ते त्यांनी जाहीर केलं. मध्यरात्रीनंतर हवाई दलाचे प्रमुख जनरल फेर्नांदो मातेई ला मोनेदा राजवाड्यात बैठकीला आले, आणि आत जाण्याआधी दारात थांबलेल्या पत्रकारांना त्यांनी सांगून टाकलं की ‘नो’ जिंकलं आहे असं मला दिसतं. आकडा पक्का झाला तेव्हा ‘नो’ला जवळजवळ 56 टक्के आणि ‘होय’ला 44 टक्के मतं होती. नोंदवलेल्यांपैकी 97 टक्क्यांहून अधिक लोकांनी मत दिलं होतं.

एक तुकडा मी मागे ठेवला होता. त्यात रस्त्यावरची झटापट आहे. हातात दंडुका घेतलेला पोलीस आणि त्याच्या पुढ्यात एक निदर्शक. दृश्य संथ होतं. निवेदक निदर्शकाकडे आपलं लक्ष वेधतो आणि सांगतो की या माणसाला शांतता हवी आहे. मग पोलिसाकडे वेधतो आणि म्हणतो, यालाही. याला जे पटतं त्यासाठी हा झगडतो आहे, आणि हाही. ज्याने मार खाल्ला आहे त्याला असं काही ऐकवणं फार अवघड. मलाही तो तुकडा पहिल्यांदा पटला नव्हता.

6 ऑक्टोबरला सांतियागोचे रस्ते माणसांनी भरून गेले. त्या दिवसाची छायाचित्रं आहेत. शिरस्त्राण घातलेले, गोंधळलेले तरुण पोलीस ओळीने उभे आहेत, आणि लोक त्यांच्या गळ्यात पडताहेत.